पेटी, पेंढा आणि नोड्स : देवगड हापूसच्या थेट विक्रीच्या प्रकल्प नोंदी (हंगाम २०२५)

११ जानेवारी २०२५

मामाच्या बागेतला काही माल वाशीला दलालाकडे जातो आणि काही पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत. हा दुसरा व्यवहार मामी सांभाळते, एका लांबट वहीवर आणि स्वतःच्या फोनवर. यंदा तिच्या डोक्यावरचा निरोपांचा भार कमी करायचा, असं ठरलं आहे. हंगाम उघडल्याचं कळवणं, पैशांची पावती, पेटी निघाल्याचा निरोप, अढीच्या म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालायच्या सूचना आणि शेवटी चौकशी, एवढं आपोआप व्हायला हवं.

आज फक्त वही वाचली. रकाने असे: नाव, गाव, डझन, पैसे, कधीची तोड, कुणाची गाडी, आणि शेवटी 'बोलले'. या शेवटच्या रकान्यात खरी माहिती आहे. 'साका २ निघाले, पुढच्या पेटीत भरून द्यायचे.' (साका म्हणजे आतून गर बिघडलेला आंबा.) 'फ्रीजमध्ये ठेवले होते, समजावलं.' 'सासूबाई गेल्या, यंदा विचारायचं नाही.' असा रकाना असलेलं तयार सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही.

१८ जानेवारी

साधन ठरवणं.

मॉटिक हे मुक्त स्रोत आहे आणि खास मार्केटिंगसाठीच बनवलेलं आहे. त्याच्या कॅम्पेन बिल्डरमध्ये कृती, निर्णय आणि अट असे तीन प्रकारचे ठोकळे जोडत जायचं. पण त्याचा सगळा पिंड ईमेलचा. आमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेक जण ईमेल उघडतात ते वीजबिलापुरतं.

झेपियर ही तयार सेवा सोपी आहे, पण तिथे प्रत्येक टास्क म्हणजे पायरी मोजली जाते. एका ऑर्डरमागे पाच-सहा पायऱ्या धरल्या तर ऐन हंगामातलं बिल आंब्याच्या नफ्यात बोट घालणारं.

एनएटएन (n8n) घेते, म्हणजे 'नोड' नावाचे एकेका कामाचे ठोकळे जोडून कामं आपोआप चालवायचं साधन. बर्लिनची कंपनी, २०१९ पासूनची. स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर किती वेळा चाललं याचा हिशेब कुणी मागत नाही, आणि आपल्या धंद्याच्या अंतर्गत कामासाठी परवाना आड येत नाही. मार्केटिंगचं म्हणून त्यात फारसं काही तयार मिळत नाही, सगळं आपणच मांडायचं. ते मला चालेल.

एसएमएस सोडून दिला. ट्रायच्या म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या व्यवस्थेवर नोंदणी, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, प्रत्येक मजकुराची मंजुरी, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातली लिंकही आधी नोंदवलेली हवी. हे सगळं केलं तरी मराठीत एका संदेशात ७० अक्षरं मावतात, त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. अढी कशी घालायची हे त्यात कसं सांगणार?

म्हणजे व्हॉट्सॲप, अधिकृत एपीआयमधून, सॉफ्टवेअरने संदेश पाठवायची वाट ती.

२६ जानेवारी

नंबरावरून घरात चर्चा. मामीचा जुना नंबर एपीआयवर हलवला तर तिच्या फोनमधलं ॲप त्या नंबरावर चालणार नाही. ती साफ नाही म्हणाली, आणि तिचं बरोबर आहे. त्या नंबरावर आंब्याशिवाय माहेर, भजनी मंडळ आणि बचत गटही आहे. नवीन सिम घेतलं. प्रत्येक निरोपाखाली 'बोलायचं असेल तर' म्हणून तिचा जुना नंबर राहील.

सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये घेतला. देवगडात लाइट गेली तरी तो चालू राहील. एनएटएन स्वतः बसवताना एक गोष्ट आठवणीने करावी लागते: टाइमझोन. मुळात तो न्यूयॉर्कचा असतो. तसाच राहिला तर 'सकाळी ९'चा निरोप इथे संध्याकाळी किंवा रात्री जाणार.

८ फेब्रुवारी

टेम्प्लेट मंजुरीला पाठवले. धंद्याने आपणहून पाठवायचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाने काही लिहिलं तर त्यानंतरचे २४ तास आपण मोकळेपणाने लिहू शकतो.

मजकुराचे प्रकार इथे महत्त्वाचे. मार्केटिंगचा संदेश महाग, व्यवहाराच्या माहितीचा म्हणजे युटिलिटीचा संदेश त्याच्या तुलनेत बराच स्वस्त. 'तुमची पेटी निघाली' हे युटिलिटी. त्याच्याच शेपटीला 'दुसरी पेटी हवी असल्यास लगेच सांगा' जोडलं की सगळा संदेश मार्केटिंगमध्ये. मामाला ते वाक्य हवंच होतं. मी काढायला लावलं. पैशांचा मुद्दा आहेच, पण पहिली पेटी हातात पडायच्या आधी दुसरीचं विचारणं बरंही दिसत नाही.

मजकुराच्या सुरुवातीला किंवा अगदी शेवटी नाव वगैरे भरायची रिकामी जागा ठेवता येत नाही. म्हणून 'अमुक यांना सप्रेम नमस्कार' हे मामीचं पत्रातलं वळण सोडून 'नमस्कार' आधी, नाव मागून.

१६ फेब्रुवारी

पहिला आराखडा कॅनव्हासवर, म्हणजे एनएटएनच्या नोड मांडायच्या पडद्यावर. पैसे जमा झाले की पैसे घेणाऱ्या सेवेकडून वेबहुक (आपोआप सुटणारी खबर) येतं, शीटमध्ये ओळ तयार होते, पावतीचा निरोप जातो. मामेभावाला दाखवलं तर त्याला पाहताक्षणी कळलं: 'हितसून हिकडे, मग हय.' हा चित्राचा मोठा फायदा. कोड दाखवला असता तर त्याने मान हलवून चहा मागवला असता.

काही बारकावे लिहून ठेवते. रक्कम पैशांत येते, रुपयांत नाही. १,२०० रुपयांची ऑर्डर १,२०,००० अशी दिसते, म्हणून मध्ये शंभराने भागणारा नोड. एकच वेबहुक दोनदा येऊ शकतं, तसं त्या सेवेच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. म्हणून घटनेचा क्रमांक शीटमध्ये आधीच आहे का, हे पाहूनच पुढे जायचं. चाचणीचा पत्ता आणि प्रत्यक्ष वापराचा पत्ता वेगळा, आणि दुसरा चालण्यासाठी वर्कफ्लो, म्हणजे नोडचा हा आराखडा, सक्रिय केलेला हवा. नोडवर नमुन्याची माहिती पिन करून ठेवली की कुणाला खरा संदेश न पाठवता पुढचे नोड तपासता येतात. ही सोय मला सगळ्यात आवडली.

१ मार्च

नावांची यादी. फोनमधून काढलेले नंबर आणि वहीतले नंबर जुळवले. नियम एकच ठेवला: ज्यांनी पूर्वी पेटी घेतली आहे आणि ज्यांनी यंदा कळवा म्हणून मामीला सांगितलं आहे, तेवढेच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याच्या नियमांचा मसुदा याच जानेवारीत आला. पण त्याआधीही मामीची रीत हीच होती. सोसायटीच्या ग्रुपमधून उचललेले नंबर मामाने आग्रहाने दिले होते, ते घेतले नाहीत.

'नको' म्हणणाऱ्यांसाठी वाट हवी. आलेल्या मजकुरात 'नको' शब्द असला की नाव यादीतून काढायचं, असा नोड मांडायला दोन मिनिटं लागली असती. त्याआधी मामीच्या फोनमधले गेल्या वर्षीचे निरोप चाळले. 'फार कच्चे नको.' 'लहान फळ नको, पैसे जास्त झाले तरी चालतील.' 'गुरुवारी नको, आम्ही गावी आहोत.' नको म्हणणारी ही सगळी आमची उत्तम गिऱ्हाइकं! तेव्हा शब्दावरून काहीही ठरवायचं नाही. संदेशाखाली 'निरोप थांबवा' असं बटण, आणि ते दाबलं तरच नाव गाळायचं. लिहून आलेलं सगळं माणूस वाचेल.

तो माणूस म्हणजे मामी. नव्या नंबरावरची उत्तरं फोनच्या ॲपमध्ये दिसत नाहीत, म्हणून ती टेलिग्रामच्या घरच्या ग्रुपवर वळवली. गंमत अशी, की त्याच वेबहुकवर 'गेला', 'पोचला', 'वाचला' अशा स्थितीच्या खबरादेखील येतात. त्या आधी बाजूला काढल्या नाहीत तर एका संदेशामागे ग्रुपवर घंटानाद.

१५ मार्च

आज मुख्य अडचण समोर आली आणि ती संगणकाची नव्हती.

मूळ आराखडा एक लांबलचक साखळी होता: ऑर्डर, पावती, गाडी, मग वेट नोडमध्ये काही दिवस थांबणं, मग 'आंबे तयार झाले असतील' हा निरोप, पुन्हा थांबणं, मग चौकशी. कॅनव्हासवर देखणा दिसत होता. मामीला फोनवर समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'गो बाय, आंबो काय घड्याळ बघून पिकता?'

मुद्दा असा. चौदा आणे तयार फळ झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवायचं, पेंढ्यात घालायचं, मग ते साधारण आठ-दहा दिवसांत पिकतं. पण मार्चच्या सुरुवातीचं फळ वेगळं, मेच्या उकाड्यातलं वेगळं. पेटी भरताना ते अढीत किती दिवसांचं होतं, यावर बाकीचे दिवस ठरतात. दोन पेट्या एकाच दिवशी निघाल्या तरी तोड वेगळी असू शकते. गिऱ्हाइकाला दोन दिवस आधी निरोप गेला तर तो कच्चा आंबा कापतो, आणि उशिरा गेला तर काळा पडलेला आंबा पाहून फोन करतो. वेट नोडला यातलं काही माहीत नसतं.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. लांबचं थांबणं असलं की एनएटएन ती चालू प्रत डेटाबेसमध्ये ठेवून देतं आणि वेळ झाली की तिथूनच पुढे नेतं. तोवर बाहेर काय बदललं, हे त्या प्रतीला कळत नाही. गिऱ्हाइकाने पत्ता बदलला, मामीने पेटी दुसऱ्या गाडीने पाठवली, मी निरोपातली चूक दुरुस्त केली, तरी थांबलेली प्रत जुनीच माहिती आणि जुनाच आराखडा घेऊन उठणार. आणि ऐन हंगामात अशा किती प्रती कुठे कुठे थांबल्या आहेत, ते कॅनव्हास दाखवत नाही. चित्रात रस्ता दिसतो, पण त्यावर कोण कुठे उभं आहे ते दिसत नाही. मामीची वही मात्र नेमकं तेच दाखवते.

२३ मार्च

साखळी मोडली. आता चार छोटे वर्कफ्लो: 'ऑर्डर आली', 'गाडी भरली', 'रोजचा फेरा', 'आलेले निरोप'. एकातही मोठं थांबणं नाही.

सगळी स्थिती शीटमध्ये, म्हणजे वहीच्याच रकान्यांत, थोडे वाढवून. तोडीची तारीख, निघाल्याची तारीख आणि 'तयार कधी'. हा शेवटचा रकाना मामी भरते, प्रत्येक तोडीचा वेगळा. अढीतला आंबा दाबून, वास घेऊन ती तारीख सांगते, संध्याकाळी मामेभाऊ वहीतून शीटमध्ये उतरवतो. (मामीला शीट वापरायला शिकवायचा बेत मी सोडून दिला. 'माका वहीच बरी' यावर युक्तिवाद नाही.)

रोजचा फेरा सकाळी ९ वाजता सगळ्या ओळी वाचतो. प्रत्येक ओळीला विचारायचं: आज हिचं काही देणं आहे का? 'तयार कधी' आज असेल आणि 'तयार निरोप' हा रकाना रिकामा असेल, तरच संदेश. गेला की त्या रकान्यात तारीख. त्यामुळे फेरा चुकून दोनदा चालला तरी निरोप दोनदा जात नाही, आणि मामीने आदल्या रात्री तारीख पुढे ढकलली तर सकाळी ती आपोआप पाळली जाते. 'पोचला' वेगळ्या रकान्यात, कारण एपीआयने संदेश स्वीकारला याचा अर्थ तो गिऱ्हाइकाच्या हातात पडला असा नाही.

कॅनव्हास आता ओकाबोका दिसतो. मामेभाऊ म्हणाला, आधीचा भारी होता.

हंगाम उघडल्याचा संदेश कालपासून सुटतो आहे, तुकड्यातुकड्याने. नव्या नंबराला आपणहून २४ तासांत २५० जणांनाच लिहिता येतं, मर्यादा नंतर वाढते. म्हणून यादीचे गट. पहिल्या गटात वहीतली सगळ्यात जुनी नावं, हे मामीचं म्हणणं. कुठल्याही मार्केटिंगच्या पुस्तकात आधी 'सक्रिय' गिऱ्हाईक गाठायला सांगतील. तिच्या मते जुन्या माणसाला दुसऱ्याकडून कळलं तर ते मनाला लावून घेतं.

३० मार्च, गुढीपाडवा

पाडव्याच्या पेट्या तीन दिवसांपूर्वीच निघाल्या होत्या. यंदा देवगडच्या उत्पादक संस्थेने फळावर युआयडी स्टिकर लावायला सुरुवात केली आहे, बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जाऊ नये म्हणून. स्टिकरचा क्रमांक कसा तपासायचा, ती ओळ 'पेटी निघाली' या निरोपात घातली. हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ चं, पण ते गिऱ्हाइकाला हातात दिसत नव्हतं.

३ एप्रिल

न्यू जर्सीची मंडळी. मामाच्या शाळासोबत्याचा मुलगा तिथे, त्याच्यामुळे बरेच जण तिथून पैसे भरतात आणि पेटी पुण्यात आई-वडिलांच्या घरी जाते. शीटमध्ये म्हणूनच दोन नंबर: पैसे देणारा आणि पेटी घेणारा. पावती मुलाला, अढीच्या सूचना आईला. 'कसे निघाले?' हे दोघांना विचारायचं नाही, फक्त आईला. मुलाने आंबा पाहिलेलाच नसतो.

१ एप्रिलपासून अमेरिकेच्या नंबरांवर व्हॉट्सॲपचे मार्केटिंग टेम्प्लेट पोचवणं मेटाने थांबवलं आहे. युटिलिटी जातात. नंबर +१ ने सुरू होतो एवढ्यावर फाटा काढून चालत नाही, कॅनडाचाही तोच. एरिया कोड पाहावा लागतो. अमेरिकेच्या फांदीवर मार्केटिंगऐवजी ईमेल लावला, पत्र खरंच आमच्याकडून आलं हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी नीट करून. ईमेल 'उघडला' का, याचा रकाना ठेवलाच नाही. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून घेतं, त्यामुळे न उघडलेलं पत्रही उघडलेलं दिसतं.

वेळही वेगळी. इथले सकाळचे १० म्हणजे सध्या तिथे रात्रीचे साडेबारा. त्यांची पावती सोडून बाकीचं संध्याकाळी साडेसहाच्या फेऱ्यात, तिथे तेव्हा सकाळचे ९.

१९ एप्रिल

साक्याच्या तक्रारी सुरू झाल्या. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. उत्तम बागेतही निघतो. चौकशीच्या निरोपाला दोन बटणं आहेत, 'छान निघाले' आणि 'तक्रार आहे'. तक्रारीचं बटण दाबलं की आपोआप माफी मागणारा संदेश जावा, असं आधी मांडलं होतं. मामीने तो काढायला लावला. आता बटण दाबलं की टेलिग्रामवर नाव, तोडीची तारीख आणि नंबर येतो, मामी स्वतः फोन करते. शिवाय त्या ओळीला 'थांबा' लागतो: मामी स्वतः काढेपर्यंत त्या घराला एकही विक्रीचा संदेश जात नाही. खराब आंबा हातात धरलेल्या माणसाला 'अक्षय्य तृतीयेची खास पेटी' दाखवायची नसते.

तोडीची तारीख तक्रारीसोबत येऊ लागल्यावर एक फायदा निघाला. एकाच तोडीवर तक्रारी जमल्या, की मामा त्या दिवशी कुठल्या कलमांवरचे आंबे उतरवले होते ते आठवतो.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

गेला आठवडाभर मागणी धो धो. मार्केटिंगचं यंत्र मुळात विक्री वाढवायला बनवलेलं असतं, आम्हाला त्याला ब्रेक लावावा लागला. मामा रोज संध्याकाळी झाडं बघून एक आकडा सांगतो: उद्या किती डझन उतरेल. तो एका सेलमध्ये. पैसे भरलेल्या ओळींची बेरीज त्या आकड्याला टेकली की पैशांची लिंक बंद, आणि विचारणाऱ्याला 'पुढची तोड अमुक दिवशी' असं उत्तर. 'फक्त काहीच पेट्या शिल्लक' असलं वाक्य कुठेही नाही. असतील तर देऊ, नसतील तर नाही.

काही मार्केटिंग संदेश १३१०४९ या क्रमांकाच्या त्रुटीने परतले. त्या माणसाला इतर धंद्यांचेही असे संदेश बरेच गेले असले, की मेटा आपला अडवतं. लगेच पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो. अशा ओळी मामीच्या फोनच्या यादीत टाकल्या.

२६ मे

काल हवामान खात्याने मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर केलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा हिशेब धरला होता; त्याआधी काही दिवस पाऊस लागलाच होता. मामीचा फोन: 'पाऊस इलो, आता बंद कर गो.'

शीटमधल्या एका सेलमध्ये 'हंगाम : बंद' लिहिलं. रोजचा फेरा विक्रीच्या फांदीवर जाण्याआधी तो सेल वाचतो. गाडीत असलेल्या आणि घरोघरी पेंढ्यात पिकत पडलेल्या पेट्यांचे निरोप चालूच राहिले, ते त्या सेलला विचारत नाहीत. जुनी साखळी असती तर आज डेटाबेसमध्ये थांबलेली एकेक प्रत शोधून मारत बसले असते.

पैसे आलेले पण फळ न उतरलेल्या ओळी गाळून मामीला दिल्या. पैसे परत की पुढच्या हंगामात पेटी, हे ती फोनवर विचारेल. परतीचा व्यवहार मामा हाताने करणार, तिथे वर्कफ्लो नको म्हणाला. मला पटलं.

उरलेलं काम: चारही आराखड्यांच्या जेसन फाइल काढून ठेवल्या. त्यात पासवर्ड नसतात, म्हणून सर्व्हरची एन्क्रिप्शन की वेगळी लिहून ठेवायची. ती हरवली तर साठवलेले पासवर्ड उघडणार नाहीत. शीटची छापील प्रत मामीला हवी आहे. वहीच्या मापाची.